ओव्हनसमोर उभं राहण्यासाठी

एका केकला वीस थर. प्रत्येक थर म्हणजे पळीभर पीठ. ते साच्यात पसरायचं, वरच्या आचेवर पाच मिनिटं ठेवायचं, रंग आला की बाहेर काढून चपट्या लोखंडी दाबणीने हलकेच दाबायचं आणि त्यावर पुढची पळी ओतायची. त्या पाच मिनिटांत दुसरं काम करता येत नाही. चौथ्या मिनिटाला थर पिवळा असतो आणि सहाव्याला करपलेला. एका केकला दोन तास जातात. दायांग मस्तुराकडे दोन ओव्हन होते आणि रमजानच्या महिन्यात ती दिवसाला आठ केक काढायची. तेवढे आठ तास ती उभी असायची.

बसून हे काम होत नाही, कारण थराचा रंग वरून बघावा लागतो. तिचा नवरा सुहाइली याने तिच्यासाठी बेलियानच्या लाकडाचं एक उंच स्टूल करून घेतलं होतं. त्या लाकडाचे घाटाचे खांब पन्नास वर्षं पाण्यात उभे राहतात, त्यामुळे स्टूल मोडायची भीती नव्हती. मस्तुरा त्यावर दोन दिवस बसली. दोन दिवसांत तीन केक करपले. तिसऱ्या दिवशी तिने स्टूल भिंतीला लावलं आणि त्यावर अंड्यांचे ट्रे रचले.

तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. उंची पाच फूट एक इंच, वजन एकशे अडतीस किलो. घर कुचिंगमध्ये, नदीच्या उत्तर काठावरच्या कांपुंगात, म्हणजे जुन्या वस्तीत. सुहाइली या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी होडी चालवतो. त्याच्या होडीत मस्तुराची जागा ठरलेली होती, बरोबर मधोमध. ती बसली की रोजचे प्रवासी म्हणत, आता नदीला भरती आली. ती म्हणे, पोहता येतं ना, मग घाबरता कशाला.

गुडघ्यांचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. उजव्या गुडघ्यात हाडावर हाड घासत होतं. सरकारी इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरने सांगितलं की या वजनावर गुडघा बदलता येणार नाही, आधी चाळीस किलो उतरवा. साखरही वाढलेली होती. मस्तुराने भात सोडून पाहिला, पहाटे चालून पाहिलं, बाजारात मिळणारा कडू काढा तीन महिने घेतला. बारा किलो उतरले आणि चौदा चढले. डॉक्टर हिशोबाने बोलले होते: असंच चाललं तर उभं राहणं आणखी दोन वर्षं, फार तर तीन. नंतर खुर्ची. खुर्चीत बसून वीस थरांचा केक होत नाही, हे त्यांना सांगायची गरज तिला वाटली नाही.

त्याच इस्पितळात डॉक्टर लिंग पोटाची ऑपरेशनं करत. सिबूकडच्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. जठराचा मोठा भाग कापून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. धोकेही सांगितले. टाका सुटू शकतो, रक्त साकळू शकतं, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, केस गळतील, कातडी लोंबेल. आणि गोड खाल्लं की बहुतेक त्रास होईल. मस्तुराने एकच प्रश्न विचारला, उभं राहता येईल का. डॉक्टर म्हणाल्या, शक्यता चांगली आहे, खात्री देत नाही. मस्तुराने यादीत नाव घातलं. नंबर यायला चौदा महिने.

कांपुंगात ही बातमी तिच्या आधी पोचली. सर्वांत आधी आली काक रोहाना, सुहाइलीची थोरली बहीण; काक म्हणजे ताई. नदीपलीकडच्या काठावर तिचा केकचा ठेला आहे आणि तिथे वीस वर्षं मस्तुराचेच केक विकले जातात. रोहाना स्वतःही अंगाने भरलेली, दोन पायऱ्या चढली की थांबणारी. तिचं म्हणणं, अल्लाने दिलेलं पोट कापायचं म्हणजे काय. तोंड बंद ठेवायला जमत नाही म्हणून पोट कापायचं, हा आळशी माणसाचा मार्ग झाला.

"आणि एक सांगते," ती म्हणाली, "केक विकला जातो तो जाड बाईच्या हातचा. वाळकी बाई केक विकायला बसली तर लोक म्हणतील, हिलाच आवडत नाही वाटतं."

"आळशी म्हणालीस ना? उद्या पहाटे चारला ये, काक. माझ्याजागी आठ तास उभी राहा, मग आपण आळसावर बोलू."

रोहाना आली नाही.

चौदा महिन्यांनी तारीख आली. आधीचे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: दूध, सूप, पाणी. मस्तुराने ते निमूटपणे पार पाडले. आदल्या दिवशी ती वॉर्डात भरती झाली. संध्याकाळी तिला भेटायला उसू सापियाह आली. उसू म्हणजे तिच्या आईची सगळ्यांत धाकटी बहीण. आई गेल्यावर तिनेच मस्तुराला वाढवलेलं. बोलता बोलता मस्तुरा म्हणून गेली की दोन आठवडे झोपेतही लाक्साच दिसतो.

एवढंच ती बोलली आणि घोटाळा तिथेच झाला.

या काठावर एक गोष्ट प्रत्येकाला आईच्या मांडीवरच कळते. समोर आलेलं अन्न नाकारून किंवा खायची इच्छा मनात ठेवून घराबाहेर पडलं की संकट येतं. त्याला कंपुनान म्हणतात. उसूच्या एका चुलत्याने घाईघाईत कॉफी नाकारली, तो होडी घेऊन नदीच्या मुखाकडे गेला आणि मगरीने त्याला नेलं. गोष्ट साठ वर्षांपूर्वीची असली तरी उसू ती कालची असल्यासारखी सांगते. आणि उद्या तर मस्तुरा सुरीखाली जाणार होती.

सकाळी सहाला उसू डबा घेऊन वॉर्डात हजर झाली. लाक्सा तिने स्वतः केला होता. नारळाच्या तिखट रश्शात तांदळाच्या शेवया, कोळंबी, अंड्याच्या पट्ट्या, वर लिंबू. नर्स दुसऱ्या टोकाला होती. उसू म्हणाली, ही इच्छा पोटात घेऊन आत जाऊ नकोस. मस्तुराने आधी बोट लावलं. मग चमचा लावला. मग वाटी संपली.

सात वाजता भूल देणारे डॉक्टर आले आणि काही खाल्लंय का म्हणून विचारलं. उशाशी उभ्या असलेल्या सुहाइलीने तिच्या खांद्यावर हात दाबला. नाही म्हणून टाक, असा त्याचा अर्थ होता.

"एक वाटी लाक्सा," मस्तुरा म्हणाली. "पूर्ण."

ऑपरेशन रद्द झालं. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं, हे डॉक्टरांनी समजावलं. आवाज त्यांनी चढवला नाही, त्यामुळे उसूला जास्तच रडू आलं. परतताना होडीत सुहाइली मस्तुराला म्हणाला, चौदा महिने थांबून तू एका वाक्यात घालवलंस.

"आबांग, मरायचंच असतं तर दुसरी वाटी पण खाल्ली असती," ती नवऱ्याला म्हणाली आणि मधल्या जागेवर बसली.

नवी तारीख सात महिन्यांनी मिळाली. त्या सात महिन्यांत लोकांचं बोलणं वाढलं. कुणी म्हणालं, हा इशारा आहे, नाद सोड. रोहाना म्हणाली, नशिबाने वाचलीस, आता तरी ऐक. मस्तुराने रोज सकाळी दोन्ही ओव्हन पेटवले आणि संध्याकाळी गुडघ्यांवर बर्फ ठेवला. ती चिडली होती, पण उसूवर नाही. तिला एक गोष्ट समजून घ्यायची होती आणि ती विचारायला ती एका दुपारी उसूच्या घरी गेली. कंपुनान टाळायला नेमकं काय करावं लागतं? उसू म्हणाली, वेळ नसेल तर बोटाने अन्नाला शिवायचं आणि ते बोट गळ्याला लावायचं. झालं.

"मग ताट भरून खायचं कुणी सांगितलं?"

असं कुणी सांगितल्याचं उसूला आठवेना. वाढणाऱ्याला बरं वाटतं, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी उसू पुन्हा डबा घेऊन आली. मस्तुराने डबा उघडू दिला नाही. झाकणाला बोट लावलं आणि गळ्याला लावलं. झाकण चालतं का, यावर दोघींचा थोडा वाद झाला. आत लाक्सा आहे तर झाकणही लाक्साचंच, असं मस्तुराने ठरवून टाकलं. सात वाजता डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, झाकण. ते याच शहरात वाढलेले. त्यांनी फक्त विचारलं, झाकण बाहेरून पुसलेलं होतं ना?

ऑपरेशन अडीच तास चाललं. दुसऱ्या दिवशी तिला औषधाच्या इवल्याशा प्याल्यातून पाणी दिलं. तेवढं प्यायला तिला अर्धा तास लागला.

पुढच्या वर्षाबद्दल मस्तुरा मोजकंच सांगते. तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गळले. दंडांची कातडी लोंबायला लागली आणि ती तिने बाही लांब करून झाकली, पण कारण विचारलं तर उन्हाचं सांगितलं. घाईने खाल्लेला माशाचा तुकडा छातीत अडकायचा आणि न्हाणीघर गाठेपर्यंत धीर धरावा लागायचा. पहिल्या ईदला तिने स्वतःच्या केकचा अंगठ्याएवढा तुकडा खाल्ला. दहा मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडली, आणि ती तासभर फरशीवर पडून होती. पुन्हा तिने केक तोंडात घातला नाही. त्या वर्षी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने रोजेही धरले नाहीत. पाण्याची बाटली तिने खिडकीत सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. केक निम्मेच झाले.

ईदच्या दिवशी घरोघरी जायचं आणि प्रत्येक घरात बसून खायचं, हा रिवाज तिने मोडला नाही. ती पंधरा घरी गेली. प्रत्येक ठिकाणी ताट समोर आलं की तिने एकेका पदार्थाला बोट लावलं, गळ्याला लावलं आणि गप्पा मारत बसली. पहिल्या घरात यजमानीणबाईंचा चेहरा पडला. आठव्या घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. तिथे तिच्यापुढे छोट्या वाट्याच मांडून ठेवल्या होत्या.

दीड वर्षाने वजन चौऱ्याण्णव झालं. ती बारीक झाली नाही. तिच्या उंचीला चौऱ्याण्णव म्हणजे जाडच, हे ती स्वतःच आधी सांगून टाकते. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे, पण आता तारीख मिळते. होडीत ती हवं तिथे बसते. नदीला ओहोटी लागली, असं एक प्रवासी म्हणाला. तुझ्या विनोदालाही, असं तिने सांगितलं.

दुसरा रमजान आला. तिने रोजे धरले आणि पुन्हा दोन्ही ओव्हनवर उभी राहिली. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमाराला, रोहाना आली. तिला दारातून आत यायला वेळ लागला. ठेल्यावरची गिऱ्हाइकं कुजबुजत होती. केक करणारी बाई स्वतःचा केक खात नाही म्हणजे त्यात काहीतरी असणार. रोहानाचं म्हणणं, शनिवारी रोजा सोडल्यावर मस्तुराने ठेल्यावर यावं आणि सगळ्यांसमोर एक तुकडा खाऊन दाखवावा. नाहीतर या ईदला दुसऱ्या कुणाचे केक ठेवावे लागतील.

मस्तुरा ओव्हनवरून नजर न काढता ऐकत होती. थर काढून तिने दाबला, पुढची पळी ओतली, दार लावलं आणि मग वळली.

"काक, तू वीस वर्षं ईदला माझे केक विकतेस. ते मी केले केव्हा?"

"रमजानात. दुसरं केव्हा करणार?"

"रोजा धरून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोरड्या तोंडाने. एकाचंही पीठ जिभेला लावलेलं नाही. वासावर आणि रंगावर. तेव्हा मी एकशे अडतीस किलोची होते आणि कुणाला शंका आली नाही. शनिवारी मी येणार नाही. दुसऱ्या कुणाचे ठेवायचे तर ठेव. पण ती बाई तरी रमजानात चाखून केक करते का, तेवढं विचारून घे."

रोहाना बसायला जागा शोधत होती. तिने बेलियानच्या स्टुलावरचे अंड्यांचे ट्रे एकेक करून खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी कडा धरून स्टुलावर टेकली. बराच वेळ गुडघे चोळत राहिली. मस्तुराने दोन थर आणखी काढले.

"नेहमीचे चाळीस लागतील," रोहाना म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर यायला किती दिवस लागतात?"

"चौदा महिने," मस्तुरा म्हणाली. "आणि कुणाला लाक्सा आणू देऊ नकोस."

तेवढ्यात सहावं मिनिट उलटलं होतं. चौदावा थर काळा झाला होता. मस्तुराने साचा बाहेर काढला, सुरीने करपलेला पापुद्रा हलकेच खरवडला आणि नवी पळी ओतली. रोजा सुटायला अजून सव्वादोन तास होते आणि दोन केक बाकी होते.