दोन काट्यांचं मशीन

हर्षद पावसकरला ओळखत नाही असं नमनाचे खेळ करणारं मंडळ रत्नागिरी तालुक्यात शोधून सापडायचं नाही. मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत त्याचा एक गाळा आहे. भिंतींना जुन्या गोधड्या, खाली सतरंजी, कोपऱ्यात कॉम्प्युटर. त्याला तो स्टुडिओ म्हणतो आणि आम्हीही म्हणतो. मी पालीच्या बाजारात चपला विकतो आणि आमच्या मंडळात मृदंग वाजवतो, त्यामुळे त्या सतरंजीवर माझी बरीच वर्षं गेली. माणूस कामाला चोख, स्वभावाने गरीब. खोड एकच: लोक काय म्हणतील ते त्याला लोकांच्या आधी ऐकू येतं.

मध्यंतरी त्याने कॉम्प्रेसर घ्यायचं काढलं. आमचा कोरसवाला बाबल्या म्हणाला, "म्हंजे हातखंब्याच्या पंक्चरवाल्याकडं हाय तसला?" हर्षद असा चिडला की त्याने आम्हा सगळ्यांना बसवून शाळाच घेतली. गाण्यात आवाज कुठे एकदम उसळतो, कुठे विझतो. हे मशीन उसळलेला आवाज थोडा दाबतं, मग सगळंच जरा वर घेता येतं आणि गाणं एकजीव होतं. हे कॉम्प्युटरमध्येही जमतं, पण हर्षदला बटणं फिरवायचं खरंखुरं मशीन हवं होतं, डावी-उजवी दोन्ही बाजू एकदम सांभाळणारं, आणि परवडणारं. हौसेला मोल नसतं म्हणतात, हर्षदच्या हौसेला होतं. मंडप-स्पीकरच्या कामातून उरेल तेवढंच.

महिनाभर तो मोबाइलवर त्याच त्या मशीनांचे व्हिडिओ बघत होता. जेवताना बघायचा, दाढी करताना बघायचा. शेवटी दोन उरली. एक काळं, चपटं, दिसायला अगदीच मरतुकडं. पुढे चार बारीक दिवे. दुसऱ्याला दोन मोठ्या गोल तबकड्या, मागून पिवळा उजेड आणि आवाज किती दाबला ते दाखवत आत नाचणारे काटे. दोन्हींचे आवाज त्याने माझ्या कानाला लावले. मी म्हटलं, पहिलं चांगलं. तो म्हणाला, मलाही पहिलंच वाटतं. आणि मागवलं दुसरं.

"अरे, गिऱ्हाईक समोर बसतं," तो म्हणाला. "त्याला काय दाखवू? चार दिवे?"

त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडे रेकॉर्डिंगला गायक एकटा येत नाही. अख्खं मंडळ येतं, सतरंजीवर मांडी घालतं आणि हर्षद काय करतो ते डोळे फाडून बघतं.

त्याच सुमाराला आमच्या काशीरामबुवांच्या घशात गाठ निघाली. बुवा म्हणजे मंडळाचे शाहीर. नमनाची सुरुवात ते स्वतः रचलेल्या गणाने करायचे: 'पाऊल न वाजवता ये रे गणा'. ही पहिली ओळ ते इतकी हळू म्हणायचे की चणेवाला पुड्या बांधायचं थांबे आणि शेवटच्या रांगेतल्या बायका बोलता बोलता गप्प होत. मग दुसऱ्या ओळीला बुवा आवाज मोकळा सोडायचे, आणि अंगावर काटा यायचा. आमच्या मंडळाची सगळी पुण्याई त्या एका हळू ओळीत होती, हे मी वाजवणारा माणूस असून सांगतो. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लगेच करायला हवं, आवाजाची खात्री नाही. बुवा हर्षदकडे आले आणि म्हणाले, "जायच्या आदी माजा गण तुज्या पेटीत घालून ठेव रे बाबा. पोरांना मागनं शिकाया व्हईल."

आम्ही रेकॉर्डिंगला गेलो तेव्हा मशीन नुकतंच आलं होतं. आता नवी वस्तू आणि गाऱ्हाणं नाही असं कसं चालेल? नारळ फुटला, मशीनला कुंकू लागलं. बाबल्याने देवाला साकडं घातलं आणि आम्ही दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हटलं. हर्षदचा बेत साधा होता: बुवांचा आवाज आहे तसा कोरा घ्यायचा, मशीन नंतर, मिक्सिंगच्या वेळी वापरायचं. पण बाबल्या म्हणाला, "पुजलेली वस्तू रिकामी ठेवतत काय रे? बुवांचा आवाज पयला तिच्यातनं जाऊ दे." सगळ्यांनी माना डोलावल्या. हर्षदने मान खाजवली आणि माइकची वायर मशीनमध्ये घातली.

बुवांनी जरा गळा साफ करून पहिली ओळ धरली. काटे जागचे हलले नाहीत. मुळात हळू म्हटलेलं, त्यात दाबायचं काय?

"बंद हाय काय ता?" कोणीतरी कुजबुजलं. हर्षदचे कान लाल झाले. काटा स्थिर आहे म्हणजे आवाज सुखरूप आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एका वाक्यात सांगता आलं असतं. पण महिनाभर ज्याच्या नावाने गावभर ढोल पिटला, ते मशीन मख्खासारखं बसलंय, ही लाज त्याला सोसेना. त्याने बुवांना थांबवलं, घेतलेलं पुसलं, पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि हळू आवाजालाही काटा हलेल इतकं बटण फिरवलं. एक काटा डुलायला लागला. "दुसरा निजलाय!" बाबल्या म्हणाला. हर्षदने दोन्ही बाजू जोडणारं बटण दाबलं. दोन्ही काटे जोडीने नाचू लागले. मंडळी खूश. बुवा डोळे मिटून अख्खा गण गायले, शेवटी त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते खाली बसले. दुसऱ्यांदा गा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

बुवा मुंबईला गेले आणि मग हर्षदने निवांत बसून ते ऐकलं. मोठ्या ओळी दाबल्या गेल्या होत्या, आणि हळू ओळ उचलून त्यांच्या बरोबरीला आणून बसवली होती. श्वाससुद्धा तेवढाच मोठा. कोरा आवाज कुठेच नव्हता. जे होतं ते मशीनमधून दाबूनच आत आलं होतं. आणि एकदा दाबून घेतलेलं पुन्हा उलगडत नाही. त्याने मला फोन केला. म्हणाला, "मेल्याहून मेल्यासारखं झालंय रे." मी म्हटलं, सांगून टाक. तो हो म्हणाला आणि त्याने सांगितलं नाही.

बुवा परत आले ते आवाजाशिवाय. गण सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता. जो तो हर्षदला थांबवून म्हणायचा, "काय रेकॉर्डिंग केलंस रे, एकेक शब्द सपष्ट!" हर्षद दात दाखवायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. मशीनवर त्याने टॉवेल टाकला. बुवांनी गण ऐकला, मोबाइल परत दिला आणि त्याची पाठ थोपटली. बुवांना कळलंय आणि ते बोलत नाहीत, असं त्याने धरूनच ठेवलं. "कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं," तो मला म्हणाला.

यंदा शिमग्याआधी देवळाच्या मंडपात दुपारची तालीम ठेवली होती. गावचे बरेचजण येऊन बसले, बुवाही पुढे खुर्चीत होते. बुवांच्या जागी मुंबईहून आलेला ओमकार गाणार होता. गुणी मुलगा. बुवांना त्याने कधी ऐकलं नव्हतं, गण रेकॉर्डिंगवरूनच घोटून घोटून बसवला होता. मी थाप दिली आणि ओमकारने 'पाऊल न वाजवता' सुरू केलं, भरल्या आवाजात, पहिल्या अक्षरापासून. बायकांच्या गप्पा चालू राहिल्या. चहाचे कप फिरत राहिले. मिक्सरवर बसलेल्या हर्षदने घाईघाईने माइकचा आवाज कमी केला, पण मोठ्याने म्हटलेलं बारीक केलं की लांबून आल्यासारखं वाटतं, हळू म्हटल्यासारखं नाही. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

गण संपला. ओमकार थेट त्याच्याकडे आला आणि वाकून पाया पडला. "दादा, डिट्टो रेकॉर्डिंगसारखं झालं ना? तुमच्यामुळे बुवांचा गण राहिला."

हर्षदने पाय मागे घेतले. "ते बुवांचं नाय रे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मी दाबलंय ते. बुवा पहिली ओळ हळू म्हणायचे. मशीन चालू दिसावं म्हणून मी काटा हलवत बसलो."

"पन काटा काय झकास हलत व्हता!" बाबल्या म्हणाला.

"म्हणून तर गेलं, बाबल्या."

"मग बुवा कसं म्हणायचे?" ओमकारने विचारलं.

तेव्हा बुवा खुर्चीतून उठले. गळ्याचा रुमाल सारखा करून ते माइकपुढे उभे राहिले, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हणू लागले. नुसते ओठ हलत होते. ते टिपायला सगळे पुढे झुकले. बायका गप्प झाल्या. चहावाल्याने किटली खाली ठेवली. ओमकार बुवांच्या ओठांकडे टक लावून बघत होता, आणि त्याला कळत होतं, ते मला दिसलं.

हर्षद मिक्सरच्या मागे खाली बसला होता, दोन्ही हातांत तोंड घालून. त्याने खूप दाबून धरलं, पण शेवटी हुंदका फुटलाच, आणि मंडपात तेव्हा इतकं शांत होतं की तो शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला.