पांढरा तुझा, काळा माझा

फ्लॅशकाकूंनी काढलेल्या फोटोत कधी कुणी हसलेलं नाही. लग्नाच्या फोटोत नवरदेव नुकताच पकडून आणल्यासारखा उभा, नवरी पंच म्हणून बोलावल्यासारखी आणि भटजी जामीन राहायला आल्यासारखे. कारण सोपं आहे. इतर फोटोग्राफर म्हणतात, ‘जरा हसा.’ काकू कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणायच्या, ‘हलाल तर याद राखा.’ मग कोण हलतंय. तान्ही बाळं रडायची थांबत. एकदा तर मागच्या पिंपळावरचे कावळेसुद्धा बटण दाबेपर्यंत गप्प बसले होते. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणजे ज्यानं पाहिलं त्याच्या शेजारी मी उभा होतो.

भर दुपारी उन्हातसुद्धा त्या फ्लॅश मारायच्या, म्हणून फ्लॅशकाकू. ‘सूर्याचा भरवसा नाही, माझ्या सेलचा आहे,’ असं त्यांचं म्हणणं. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा कॅमेरा परदेशातून आलेला, लोखंडी, इतका जड की त्यानं नारळ फुटला असता. बडोद्याच्या दांडिया बाजारात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. तेव्हा मी रिफायनरीत नवा नवा लागलो होतो आणि काकूंशिवाय कुणालाही भीत नव्हतो. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचे फोटो मात्र दरवर्षी त्याच काढायच्या. आरतीला उभ्या का राहत नाही असं कुणी विचारलं की म्हणत, ‘देव असेल तर समोर येऊन बसावं त्यानं. फोकस मी करते.’

त्यांच्या वाटचा सगळा देव काकांनी घेतला होता. काका रेल्वेत गार्ड होते, आवाज शिट्टीपेक्षाही लहान. खंडेनवमी आली की त्या माणसाला जोर चढायचा. घरातली सगळी यंत्रं चटईवर मांडली जात. शिलाई मशीन, कुकर, स्कूटर (ती अंगणात), त्यांची शिट्टी, हिरवा झेंडा, माझे स्क्रू-ड्रायव्हर आणि काकूंचा कॅमेरा. झेंडू, हळद, ओलं कुंकू, कापसाची वस्त्रं. काकू त्या दिवशी मुद्दाम बाहेर पडायच्या आणि फतेगंजात मैत्रिणीकडे जाऊन ऑम्लेट खायच्या. ‘तुमची पूजा झाली की कुकर सोडवून ठेवा,’ एवढं बजावून जात.

तर त्या वर्षी दिवाळीत मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. काकूंनी सगळ्यांना ओळीत उभं करून दम दिला, फोटो काढला. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब मागच्या रांगेत, अगदी उजव्या टोकाला. आप्पासाहेबांचे आजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते आणि ते वारल्याचं आप्पासाहेबांना अजून कुणी सांगितलं नसावं. फोटो छापून आला तर आप्पासाहेबांच्या ओठावर डाव्या बाजूला काळी, वळणदार, अर्धी मिशी. स्वल्पविरामासारखी. पुढचा फोटो पाहिला तर तिथेच आप्पासाहेबांच्या सुनेच्या कपाळावर स्वल्पविराम. त्याच्या पुढच्या फोटोत श्रीखंडाच्या पातेल्यावर. सबंध रोलभर तो त्याच कोपऱ्यात बसला होता.

अलकापुरीत जिगरभाईची रंगीत लॅब होती, काचेच्या दाराची, आत थंडगार. त्यानं निगेटिव्ह उजेडात धरली आणि डॉक्टरसारखी मान हलवली. ‘कॅमेरो घरडो थई गयो छे, माशी. हवे एने आराम आपो.’ माशी म्हणजे मावशी आणि घरडो म्हणजे म्हातारा.

‘घरडी तो हुं पण थई,’ काकू म्हणाल्या. ‘तो शुं मने पण फेंकी दईश?’

ते दिवसच तसे होते. बाजारात रोज नवीन काहीतरी यायचं आणि ते घ्यायला जागा हवी म्हणून जुनं फेकायचं शास्त्र निघालं होतं. पण जिगरभाईवर काकूंनी आळ घेतला नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यांचा न्याय सरळ होता. ‘धूळ तुझ्या दुकानात निगेटिव्हवर बसली तर फोटोत पांढरा ठिपका पडतो. फोटो काढतानाच कॅमेऱ्यात काही आडवं आलं तर काळा. पांढरा तुझा, काळा माझा. हा काळा आहे. माझा आहे. मी शोधीन.’

आप्पासाहेबांना शोध नको होता. जानेवारीत मंडळाचा रौप्यमहोत्सव, त्याची स्मरणिका, तिच्या पहिल्या पानावर सगळ्यांचा फोटो. सभा भरली. आप्पासाहेब म्हणाले, काकूंबद्दल आदर आहेच, पण या खेपेला जिगरभाईचा माणूस नवा ऑटोमॅटिक कॅमेरा घेऊन येईल. माना हलल्या. पंचवीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक चेहऱ्याला दम दिलेल्या बाईला आता तिळगूळ वाटायला बसवणार, हे सगळ्यांना कळलं होतं आणि कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. काका तर स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

काकू उठल्या. ‘फोटो मीच काढणार. त्यात डाग पडला तर कॅमेरा तुमच्यासमोर ठेवीन आणि स्वयंपाकघरात गुळाच्या पोळ्या लाटायला बसेन.’ काकूंनी जन्मात पोळी लाटली नव्हती. लाटली तर खाणार कोण, हाही प्रश्न होता.

मग जो शोध सुरू झाला त्याला तोड नाही. आधी त्यांनी घरातल्या साऱ्या जुन्या निगेटिव्ह गॅलरीत वाळणाच्या दोरीवर चिमट्यांनी टांगल्या. आठवडाभर आमच्या घराला तपकिरी पताका लागल्या होत्या. येणारे जाणारे विचारत, कुणाचं लग्न आहे. त्या पताकांवरून काकूंना कळलं की हा पाहुणा दरवर्षी येतो. आकार निराळा, कधी टिंब, कधी मात्रा, कधी कडेला सरकलेला म्हणून लक्षात न आलेला. पण दिवाळीत उगवतो आणि होळीपर्यंत आपोआप मावळतो. म्हणजे थंडी. म्हणजे लोकर. काकूंनी स्वेटर टाकला. डिसेंबरात, पहाटे गच्चीवर बिनस्वेटरच्या, दात वाजताहेत, आणि मागून शाल घेऊन काका. ‘निदान ही तरी घे.’ ‘लोकर आहे ती. लांब व्हा.’ त्या वर्षी बडोद्यात असं गारठलं होतं की दूधवाल्याच्या किटलीतून दह्याच्या कवड्या पडत.

स्वेटर गेला, डाग राहिला. मग कॅमेऱ्याच्या झाकणाला आतून जो काळा स्पंज असतो तो कुजून त्याचा भुगा पडत असेल, असं ठरलं. काळा डाग, काळा स्पंज, हिशेब जुळत होता. तो खरवडून काढला आणि त्या जागी काकूंनी आपलं काळ्या मखमलीचं पोलकं कापून पट्ट्या बसवल्या. प्रत्येक उपायानंतर पांढऱ्या भिंतीचे फोटो काढून अलकापुरीला जायचं. जिगरभाई एकेक भिंत बघून हैराण. ‘माशी, आ कोनी भींत छे?’ मखमलही गेली. स्वल्पविराम भिंतीवर आपल्या जागी. काकू रोज फोटोतला उजवा वरचा कोपरा मोजायच्या आणि झाकण उघडून कॅमेऱ्याचा उजवा वरचा कोपरा मऊ ब्रशनं झाडायच्या. तो कोपरा इतका स्वच्छ झाला होता की त्यात दाढी करता आली असती.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, तोंडावर आली. गल्लीत दोऱ्यांना मांजा चढत होता. काकूंनी मला पांढरा, पातळ पतंगाचा कागद आणायला सांगितलं. कॅमेऱ्याचं झाकण उघडून, फिल्म बसते त्या चौकोनाच्या मागे त्यांनी तो कागद ताणून धरला, कॅमेरा खिडकीकडे वळवला आणि आतला शटरचा पडदा उघडा ठेवला. शाळेतला जुना प्रयोग. कागदावर उजळलेली खिडकी दिसायला लागली. तेवढ्यात बाहेरच्या गॅलरीतून काका आले, नेहमीसारखी शाल घेऊन. कागदावर ते आभाळाला पाय लावून, डोकं खाली करून चालत आले.

काकू कागदाकडे बघत राहिल्या. मग स्वतःलाच म्हणाल्या, ‘उभा जन्म पोरींना शिकवलं, भिंगातून चित्र उलटं पडतं. आणि मी मठ्ठासारखी वरचा कोपरा झाडतेय.’

फोटोत उजवीकडे वर, म्हणजे कॅमेऱ्यात डावीकडे खाली. भुवयांचा चिमटा आणि भिंग घेऊन त्या त्या कोपऱ्यात शिरल्या. खसखशीहून लहान असं काहीतरी बाहेर आलं, शेपटीसकट. पांढऱ्या कागदावर ठेवलं. आम्ही महिना दीड महिना काळं काहीतरी शोधत होतो. ते लाल होतं. सावलीला कुठला आलाय रंग.

‘अहो, हे काय आहे?’

काकांनी चष्मा लावला. ‘कुंकू दिसतंय.’

‘ते मलाही दिसतंय. आणि ही शेपटी कापसाची आहे. आत कसं गेलं?’

काका जमिनीकडे बघत म्हणाले, ‘खंडेनवमीला मी सगळ्यांची करतो ना. यंत्र आत असतं. नुसत्या झाकणाला कुंकू लावून काय उपयोग? म्हणून उघडून, एवढंसंच. आणि एक वस्त्र वाहतो.’

‘दरवर्षी?’

‘दरवर्षी. म्हटलं, तुझे फोटो चांगले येवोत.’

मी दाराकडे सरकलो. पुढे जे होणार त्याचे शिंतोडे डभोईपर्यंत उडणार याची मला खात्री होती. पण फिल्मच्या रिकाम्या काळ्या डबीत काकूंनी तो लाल कण चिमट्यानं अलगद ठेवला, झाकण दाबलं आणि म्हणाल्या, ‘चहा टाका. तिघांचा.’ आणि काकांच्या हातातली शाल ओढून घेऊन अंगावर घेतली.

मंडळात काय सांगणार, हा माझ्यापुढे प्रश्न होता. खरं सांगावं तर काकांची वर्षभर टिंगल होणार, आणि काकूंच्या देव न मानण्याची त्याहून जास्त. मी म्हटलं, कापसाचं सूत अडकलं होतं म्हणून सांगू. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन दिवस हललो नाही. सभेत त्या उभ्या राहिल्या आणि आप्पासाहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या, ‘कॅमेऱ्यात देव शिरला होता. चिमट्यानं काढला. आता फोटोला कोण कोण येणार ते सांगा.’ कुणी चिडलं, कुणी हसलं, एकानं धर्म बुडाल्याचं जाहीर केलं. काकांचं नाव मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही. सगळे दगड काकूंनी स्वतःच्या अंगावर घेतले होते आणि त्या एकदम टवटवीत दिसत होत्या.

फोटो वासी उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, निघाला, मंडळाच्या गच्चीवर. आभाळ पतंगांनी भरलेलं, चारी गच्च्यांवरून पतंग कापला की ‘काप्यो छे’ची आरोळी, प्रत्येकाची मान वर. अशा वेळी माणसांना समोर बघायला लावणं म्हणजे मांजरांची प्रभातफेरी काढणं. काकूंनी आप्पासाहेबांना बोटानं दाखवलं. ‘तुम्ही तिथेच. मागच्या रांगेत, त्याच टोकाला.’ आप्पासाहेबांनी ओठावर हात ठेवला. ‘हात खाली. हलाल तर याद राखा.’ गच्ची थिजली. शेजारच्या गच्चीवरचा पतंगसुद्धा क्षणभर तरंगायचा थांबला, असं म्हणणारे अजून बडोद्यात आहेत. त्यातला एक मी.

फोटो लख्ख आला. आप्पासाहेब बिनमिशीचे. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर सगळे आरोपी सुबक छापले गेले. पोळ्या वाचल्या.

त्यानंतर दर खंडेनवमीला काकू ऑम्लेट खायला जायच्या बंद झाल्या. घरी थांबून, कॅमेऱ्याचं झाकण अंगठ्यानं दाबून धरून बसायच्या. ‘बाहेरून काय ते करा.’ काका बाहेरून करायचे. देव मानण्याचा प्रश्नच नव्हता. त्या झाकण धरायला बसत होत्या.

पुढे मी नोकरी बदलली, लग्न केलं, अलकापुरीच्या मागच्या बाजूला घर घेतलं. सगळ्यांच्या हातात बिनफिल्मचे कॅमेरे आले, मग फोनमध्येच आले. रोल मिळेनासे झाले. लोक काकूंना म्हणत, आता सोडा. त्या कुठून कुठून रोल मागवत आणि लोखंडी कॅमेरा गळ्यात घालून प्रत्येक कार्यक्रमाला हजर. ‘तुमच्या फोनला कुणी भितं का?’ असं विचारत. मग एका पावसाळ्यात काका गेले. आवाज न करता, जसे जगले तसेच.

त्या दिवाळीत काकू स्नेहसंमेलनाला येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. आल्या. ओळी लावल्या. आप्पासाहेब आता काठी टेकत आपल्या ठरलेल्या टोकाला जाऊन उभे राहिले, तर काकूंनी त्यांना तिथून हलवलं. ‘इकडे सरका. मागे उजवीकडे कुणी उभं राहायचं नाही.’ मागच्या रांगेत एका माणसाची जागा रिकामी राहिली. फोटो वाकडा दिसेल, असं आप्पासाहेब पुटपुटले. ‘दिसू दे,’ म्हणाल्या. ‘हलाल तर याद राखा.’

रोल घेऊन मीच त्यांना जिगरभाईकडे स्कूटरवरून नेलं. त्याच्याकडे आता सगळं संगणकावर. पडद्यावर आमचा फोटो उघडला आणि मागे उजवीकडे, त्या रिकाम्या जागी, काळा, वळणदार, शेपटीवाला. आप्पासाहेबांच्या ओठावर एके काळी बसला होता तोच. काकूंच्या टेबलावरची काळी डबी मी निघताना पाहिली होती. झाकण बाजूला होतं आणि आत काही नव्हतं.

जिगरभाईनं उंदीर हातात घेतला. ‘माशी, आ डाघ एक मिनिटमां काढी नाखुं.’

काकू पडद्याच्या आणि त्याच्या मध्ये वाकल्या. ‘काळा कुणाचा, जिगर?’

‘तमारो, माशी.’

‘मग हलवलास तर याद राख.’

फोटो तसाच छापला. माझ्या बैठकीत लावलाय. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे पकडून आणलेले. मागे टोकाला असलेला तो एकटाच, मला विचाराल तर, हसतोय.