यांच्या नावावरचं घोरणं

आमच्या घरात घोरणं यांच्या नावावर होतं. सातबारा असतो तसं पक्कं.

लग्न झालं तेव्हा बिबवेवाडीत दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत आम्ही दोघं आणि बाहेर सासू-सासरे, नणंद, धाकटे दीर. मधला दरवाजा पावसाळ्यात फुगून बसला होता तो पुढं कधी नीट लागलाच नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सकाळी चहा गाळता गाळता विचारलं, "रात्री कोण गं एवढं घोरत होतं?" मी बशीकडं बघत राहिले. तोंडाला साबण फासून आरशापुढं उभे असलेले हे म्हणाले, "मी."

"तू? तू तर कधी घोरत नव्हतास."

"लग्न झाल्यावर सुरू झालं."

नणंद हसून हसून लोळली. विषय तिथंच मिटला आणि तो पुढं कितीतरी वर्षं मिटलेलाच राहिला. नवी सून घोरते ही बातमी आमच्या गल्लीत दूधवाल्याच्या आधी पोचली असती. पुरुष घोरला की दमलेला असतो, बाई घोरली की तिला वळण नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आमची मूठ यांनी झाकली.

खरी पंचाईत लग्नकार्यात व्हायची. तिथं बायका एका हॉलमध्ये आणि पुरुष दुसऱ्यात. यांना माझ्या घोरण्याला आपलं नाव द्यायची सोयच राहायची नाही. मग मी भिंतीला टेकून चुलत सासूबाईंशी गप्पा मारत जागी राहायची. रात्र थोडी सोंगं फार. यांचं सोंग वेगळं होतं. पुरुषांच्या हॉलमध्ये हे शांत झोपलेले कुणी पाहिले असते तर बिंग फुटलं असतं. म्हणून हे सतरंजी काखेत मारायचे आणि "माझ्या घोरण्यानं तुमच्या झोपेचं खोबरं नको" असं म्हणत गच्चीवर जायचे. डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीतसुद्धा. सकाळी नाक गळत खाली यायचे. नातेवाईक म्हणायचे, काय गुणी माणूस आहे, स्वतःचा दोष ओळखून असतो.

मी भूगोल शिकवते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते पोती उचलायचे. वडील कारकून झाले आणि मी शिक्षिका. पहिल्या दिवशी मी शाळेत निघाले तेव्हा वडील कोपऱ्यावर उभे राहून मी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. ती नोकरी माझ्या एकटीची कधीच नव्हती.

झोप मला हळूहळू खायला लागली. रात्री आठ तास झोपून सकाळी उठताना अंगावर कुणी पोतं टाकल्यासारखं वाटे. डोकं ठणकायचं. कणीक मळताना पेंग, पेपर तपासताना पेंग. एकदा खडकवासल्याहून स्कूटरवरून परत येताना मी यांच्या पाठीवर अशी कलंडले की यांनी गाडी थांबवली, माझी ओढणी दोघांच्या कमरेभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि मग घरी आणलं. विहारात रविवारी वंदनेनंतर सगळे डोळे मिटून बसायचे. माझी मान खाली जायची. बायका म्हणायच्या, "मॅडम, ध्यान लागावं तर तुमच्यासारखं." मी हात जोडायची. काय सांगणार?

डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन झालं, थायरॉईड झालं, "मन रमवा" हेही झालं. मी अंगानं काडी, त्यामुळं झोपेतल्या श्वासाचं कुणाच्या डोक्यात येईना. एका डॉक्टरांनी मात्र नेमकं विचारलं, "या घोरतात का?" मी तोंड उघडायच्या आत हे सवयीनं बोलून गेले, "नाही हो, घोरणं माझं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "मग तपासायचं कुणाला?"

हे हसले, मीही हसले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या हसण्यापायी आमचं वर्ष गेलं.

शेवटी निदान झालं ते दुसऱ्या दवाखान्यात. अंगाला वायरी चिकटवून झोपवलं होतं आणि वायरींना आमचं घरगुती राजकारण माहीत नव्हतं. स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून उठवतो, परत झोप, परत तेच. माझ्याच लक्षात न येता मी रात्रभर जागी होत होते. मशीन मिळालं. नळीतून नाकावरच्या मुखवट्यात हवेचा दाब येतो आणि घसा उघडा ठेवतो. लोक पहिल्याच सकाळी नवा जन्म झाल्याचं सांगतात, ते मी ऐकून होते. माझा जन्म जुनाच राहिला. मुखवट्यातून हवा गळायची, नाकावर वळ उठायचे, आणि घसा उघडला तरी श्वास थांबायचाच. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "घशाचा अडथळा मशीननं काढला. पण मधूनमधून तुमचा मेंदूच श्वास घ्यायचा हुकूम द्यायला विसरतो. अवघड प्रकार आहे. वेळ लागेल." दुष्काळात तेरावा महिना. जबड्याला लावायचा साचा झाला, मुखवटे बदलले, दुसऱ्या प्रकारचं मशीन आलं. सासूबाई म्हणाल्या, "घरात बोअरिंगची मोटर बसवल्यासारखं वाटतंय." पण त्याच रोज नळी धुऊन खिडकीत वाळत घालायच्या.

त्यातच शाळेत ते घडलं. दहावीच्या पूर्वपरीक्षेला मी सुपरव्हिजनला होते. वर्गात शांतता, पंख्याची घरघर, आणि मी खुर्चीत. डोळे उघडले तेव्हा मागच्या बाकावरच्या उत्तरपत्रिका पुढच्या बाकावर पोचल्या होत्या आणि दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. एका पालकाची तक्रार आली. मेमो आला, कर्तव्यात कसूर. असे दोन आधीच आले होते. या वेळी संस्थेच्या समितीपुढं बोलावणं होतं आणि त्यानंतर काय होतं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मला वडिलांचा कोपरा आठवला. घरी येऊन मी डाळ जळेपर्यंत रडले.

कुणीतरी सुचवलं, दिव्यांग प्रमाणपत्र काढा, मग संस्थेला हात लावता येणार नाही. "दिव्यांग" हा शब्द स्वतःला लावताना माझी जीभ अडखळली, पण बुडत्याला काडीचा आधार. सरकारी रुग्णालयात गेले. समोर कुबड्या घेतलेली माणसं, आईच्या मांडीवरची मुलं, आणि मी दोन्ही पायांवर उभी. आपण कुणाची तरी जागा अडवतोय असं वाटून मी दोनदा रांग सोडली. दोन्ही वेळा यांनी हाताला धरून परत उभं केलं.

टेबलामागच्या डॉक्टरांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. एवढं कुणीच वाचलं नव्हतं. मग म्हणाले, "बाई, तुमचा आजार खरा आहे. पण यादीत नाही. आणि यादी मी केलेली नाही."

"मग मी काय करू?"

"तुम्हाला हवंय काय? प्रमाणपत्र की नोकरी?"

"नोकरी."

"मग शाळेकडं मागा. सकाळच्या ऐवजी दुपारची वेळ, सुपरव्हिजन नको, मधे थोडं आडवं व्हायला जागा. तुमच्या डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. हे सगळं प्रमाणपत्राशिवायही देता येतं. मागितलंत का कधी?"

मागितलं नव्हतं. मागायचं तर आधी सांगावं लागलं असतं. शाळेत माझा आजार "अशक्तपणा" या नावानं वावरत होता. मशीनबद्दल कुणालाच माहीत नव्हतं.

समितीपुढं जाताना घरचं माणूस आणायला परवानगी होती. हे मार्केट यार्डात एका आडत्याकडं हिशेब लिहितात, सकाळची वेळ सोडून येणं त्यांना सोपं नव्हतं. तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले. शर्टाला कांद्याचा वास येतोच, त्याला इलाज नाही.

समोर मुख्याध्यापिका, एक सभासद आणि संस्थेचे सचिव होते. सचिव म्हणजे अस्सल पुणेरी, आवाज न चढवता सोलून काढणारे. मी डॉक्टरांचं पत्र दिलं आणि काय हवंय ते सांगितलं. त्यांनी पत्र वाचून घडी घातली.

"दुपारी एक ते चार अख्खं पुणं झोपतं, बाई. सगळ्यांनाच सवलत द्यायची का?"

मी पत्राच्या घडीकडं बोट दाखवलं.

"आणि हा आजार घोरणाऱ्या, अवजड माणसांना होतो असं आम्ही ऐकून आहोत. आपली प्रकृती तर पाहतोच आहोत." मग ते यांच्याकडं वळले. "आपण सांगा. घोरतात का या?"

तोच प्रश्न. सासूबाईंपुढं, पाहुण्यांपुढं, डॉक्टरांपुढं या प्रश्नाचं एकच उत्तर यांच्या तोंडात बसलं होतं. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, माझी साक्ष तर त्याहून अवघड, कारण हा साक्षीदार माझ्यासाठीच खोटं बोलत आला होता. मी यांच्याकडं बघितलं नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसले.

"घोरते," हे म्हणाले.

आणि पुढं म्हणाले, "लग्नाच्या पहिल्या दिवसापासून घोरते. मी सगळ्यांना माझं नाव सांगत आलो. पण घोरण्याचं काही नाही हो, साहेब. आवाज येतोय तोवर मी निवांत असतो. आवाज बंद झाला की मला जाग येते. मग उठून हिच्या पाठीवर हात ठेवून बसतो, श्वास परत येईपर्यंत. कधी हलवावं लागतं. आता मशीन आहे तरी अधूनमधून बसावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो, त्यात हिचं वर्ष गेलं. तो मेमो मला द्या. हिला कशाला?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. आपण घोरतो हे परक्या माणसांसमोर उघडं पडल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल असं वाटत आलं होतं. प्रत्यक्षात मात्र मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत चक्क टेकून बसले. हे रात्री उठून बसतात, हे मला माहीतच नव्हतं.

सचिवांनी घातलेली घडी उलगडून पत्र परत वाचलं. मग जरा खालच्या आवाजात यांना विचारलं, "थांबतो म्हणजे... साधारण किती वेळ थांबतो?" हा प्रश्न ते शाळेसाठी विचारत होते असं मला वाटलं नाही.

मेमो मागे घेतला. मला दुपारच्या पाळीतले पाचवी-सहावीचे वर्ग मिळाले, सुपरव्हिजन बंद झालं, आणि मधल्या सुट्टीत आजारी मुलांच्या खोलीतली खाट माझी झाली. दहावी गेली. ते मला लागलं, अजूनही लागतं. नकाशा भरायला दहावीची मुलंच हवीत असं मी मानत आले होते. पण पाचवीतल्या एकीनं भारताचा नकाशा काढून खडकवासला धरण पुण्याएवढंच मोठं दाखवलं आणि म्हणाली, "आमचं पाणी तिथनंच येतं ना, बाई!" मी तिला पूर्ण गुण दिले. आजार बरा झालेला नाही. मशीन आहे, अधूनमधून वाईट रात्र आहे, डॉक्टरीणबाई दाब कमीजास्त करत असतात. पण आता कुणी विचारलं तर मी सांगते, आणि विहारात मान खाली गेली तर शेजारची बाई कोपरखळी मारते.

मागच्या हिवाळ्यात पुतणीचं लग्न झालं. बायकांच्या हॉलमध्ये मी पिशवीतून मशीन काढलं आणि भिंतीवर प्लग शोधू लागले. सगळ्या उठून बसल्या. चुलत सासूबाईंनी विचारलं, "हे गं कुणाचं?"

"माझं. मी घोरते."

"तू? घोरतो तर तो!"

"घोरायची मी, नाव यांचं लागायचं."

त्यांनी नळी हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "म्हणजे ते पोर एवढी वर्षं उगाच गच्चीवर कुडकुडलं?" आणि बायका इतक्या हसल्या की खालून कुणीतरी हाका मारल्या. मी मुखवटा चढवला आणि लग्नघरात पहिल्यांदाच झोपले.

सकाळी चहा घेऊन यांना शोधायला सवयीनं गच्ची चढले. तिथं फक्त मांडववाल्यांच्या दोऱ्या पडल्या होत्या. खाली आले तर हे पुरुषांच्या हॉलमध्ये, दोन दिरांच्या मधे, तोंड मिटून गाढ झोपले होते. आजूबाजूला भांडी वाजत होती, फेट्यांवरून भांडण चाललं होतं, यांना पत्ता नव्हता. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, उठवू का? लग्नाची वेळ होत आली."

मी म्हटलं, "राहू द्या. फार वर्षांची झोप राहिलीय त्यांची."