गळ्यातलं नेटवर्क

पालमच्या आमच्या ऑफिसातला हा क्लार्क जुना कम्प्युटर काही केल्या सोडत नाही. त्यातली सिस्टीम इतकी म्हातारी की नव्या सर्व्हरवरचं शेअर फोल्डर तिला उघडतच नाही. म्हणून हा पठ्ठ्या गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून सर्व्हर ते आपला कम्प्युटर अशा दिवसभर फायली वाहतो. कुणी हसलं की छाती ठोकतो, "नेटवर्क चालू हाय!"

एकदा परभणीहून इंजिनिअर आला. म्हणाला, "याच्यासाठी सर्व्हरवर जुना प्रोटोकॉल, म्हंजे जुन्या कम्प्युटरला कळणारी भाषा, चालू करतो, पण व्हायरस शिरायची भीती हाय." आम्ही सगळे म्हणालो, "करा की!" हाच उसळला, "माझ्या एका डब्यापायी सगळ्या ऑफिसचं दार उघडं ठेवायलाव का? न्हाई जमायचं!"

मला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आदर वाटला. तो आदर आठवडाभर टिकला. मग सर्व्हरमध्ये व्हायरस शिरलाच, त्याच्या गळ्यातल्या पेनड्राइव्हमधून.