कुठेतरी पाणी मुरतंय

गेस्के डाइकेमाचा उजवा खांदा कामातून गेला तेव्हा तिने पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. उभी हयात तिने बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात बर्फाच्या पेट्या उचलल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आता जड उचलायचं नाही. कारखान्यात हलकं असं काही नव्हतंच. नवरा त्याच्या कितीतरी आधी एमेन गावच्या एका केस कापणारीबरोबर संसार थाटून बसला होता. गेस्केच्या वाट्याला आला एकट्या राहणाऱ्यांना मिळणारा नगरपालिकेचा भत्ता. त्यात बटाटे, कॉफी, घराचं भाडं आणि वर्षातून एकदा नवे बूट इतकं बसायचं. ती त्याबद्दल कुरकुर करत नसे.

ओब्बे तिच्या घरी आला तो पन्हळ दुरुस्त करायला. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. कालव्यांतून वाळूच्या बोटी हाकण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. लग्न करायचं राहून गेलं म्हणायचा, छत्री विसरल्यासारखं. पन्हळ झाली, मग कुंपण झालं, मग दुरुस्तीला काही उरलं नाही तरी तो येत राहिला. संध्याकाळी वाटाण्याचं घट्ट सूप, राय धान्याची भाकरी, थोडे पत्ते. बातम्या संपल्या की तो टोपी घालायचा.

"थांब की अजून. बाहेर वारा बघ किती सुटलाय," गेस्के म्हणायची.

"नको. माझा पलंग माझी वाट बघतो. दुसऱ्या पलंगावर मला बुडतोय असं वाटत राहतं."

त्यांचं नातं काय, हे त्या दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नव्हतं. विचारलं सरकारने.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दोन माणसं दारात उभी राहिली. होमन नावाची चाळिशीची बाई आणि तिच्यामागे एक किडकिडीत माणूस. गेस्के अजून झोपायच्या गाऊनवर होती.

"नगरपालिकेकडून आलोय, डाइकेमाबाई. आत आलो तर चालेल ना?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"म्हणू शकता तुम्ही. हक्कच आहे तुमचा." होमनबाई गोड हसली. "फक्त मग तुमची परिस्थिती आम्हाला तपासता येणार नाही, आणि भत्त्याचं..." वाक्य तिने तसंच लोंबकळत ठेवलं.

गेस्केने दार सोडलं. पुढे कितीतरी दिवस ती या एका गोष्टीसाठी स्वतःला बोल लावत राहिली.

किडकिडीत माणसाने न्हाणीघरातलं कपाट उघडलं. "दात घासायचे ब्रश दोन दिसतायत."

"एकाने मी फरशीच्या फटी घासते. वास घेऊन बघा."

"आणि हे मोठे बूट?"

"ओब्बेचे. बाग खणताना घालतो."

"म्हणजे त्यांचे कपडे इथे असतात."

"बूट म्हणजे कपडे का हो?"

मग होमनबाईने धुण्याची टोपली उघडली. त्यात गेस्केची जुनी, ताणलेली अंतर्वस्त्रं होती. बाईने ती एका बोटाने बाजूला सारली, बाजारात माशाचे कल्ले बघावेत तशी. पलंगाकडे पाहून ती म्हणाली, "दोन उशा आहेत."

"खांदा दुखतो. एक हाताखाली घेते."

"ओब्बेंबरोबर तुमचे शरीरसंबंध आहेत का? मला विचारावं लागतं, बाई."

ही बाई गेस्केच्याच कारखान्यात कामाला असती, तर कॉफीच्या सुट्टीत तिने तिचे कान उपटले असते. इथे मात्र तिच्या तोंडून "नाही" एवढंच निघालं, आणि तेही खरंच होतं. खरं बोलूनही चोरी पकडल्यासारखं वाटतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"पण जवळजवळ रोज संध्याकाळी त्यांची सायकल तुमच्या भिंतीशी असते," होमनबाई म्हणाली. "आणि ते स्वतःच्या घरी राहत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे."

"कोण सांगतं असं?"

"त्यांचा पाण्याचा मीटर. साऱ्या गावाचे आकडे आम्ही पाण्याच्या कंपनीकडून मागवले. एवढ्याशा पाण्यात माणूस जगूच शकत नाही. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, डाइकेमाबाई."

दुपारी गेस्केने हे ओब्बेला सांगितलं, तेव्हा तो आधी खो खो हसला. "मुरायला मी आधी वापरलं तर पाहिजे! अगं, बोटीवर टाकी संपली की पुढच्या धक्क्यापर्यंत थुंकी गिळायची. एका वाडग्यात मी तोंड धुतो, त्यातच मोजे धुतो, आणि तेच संडासात ओततो. आंघोळ शनिवारी, धक्क्यावरच्या खलाशांच्या न्हाणीघरात. यात सरकारचं काय बिघडलं?"

मग त्याचं हसू हळूहळू विरलं. "म्हणजे मी किती वेळा धुतो, हे तिथे कुणीतरी बसून बघतं?"

"मशीन बघतं म्हणे."

"मशीनने सायकल पाहिली?"

सायकल मशीनने पाहिली नव्हती. समोरच्या घरात राहणाऱ्या माइकेच्या बैठकीच्या खोलीत तो किडकिडीत माणूस आठवडाभर बसला होता, तिचीच कॉफी पीत. माइकेने हे स्वतःहूनच सांगितलं, सफरचंदाचा केक घेऊन आली तेव्हा.

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं," ती म्हणाली. "सरकारशी खोटं कसं बोलायचं गं?"

"खोटं बोल असं कोण म्हणतंय? निदान माझ्या कानावर तरी घालायचंस."

"कुणाला बोलायचं नाही असं बजावलं होतं त्यांनी. आणि तुझं काही लपवण्यासारखं नाही, मग बिघडलं काय?"

गेस्केने केक ठेवून घेतला. वीस वर्षं शेजारी राहिलेल्या बाईचा केक परत कसा करणार? पण कापला नाही.

डिसेंबरात भत्ता बंद झाला. दोन माणसं एकत्र राहतात आणि गेस्के ते लपवते, असा ठपका होता. कारखान्याच्या कामगार संघटनेने एक वकीलबाई मिळवून दिली. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, "निकाल लागेपर्यंत जपून राहा." मग ती दोघं जपून राहू लागली. ओब्बे आठवड्यातून एकदाच येई, तेही भर दुपारी, आणि सायकल अशी लावी की रस्त्यावरून नीट दिसावी. गेस्केने त्याचे बूट पिशवीत घालून त्याच्या घरी पोचवले. जन्मात कधी खिडकीला पडदा न ओढलेली गेस्के आता पडदा ओढू लागली. मग वाटायचं, पडदा ओढलेला बघून ते काय समजतील? की पुन्हा उघडायची. पत्ते खेळताना ओब्बेचं लक्ष समोरच्या घराकडे असायचं. हरला तरी तो भांडायचा नाही. पूर्वी हरला की डाव उधळून लावायचा.

खटला उभा राहिला तो पुढच्या उन्हाळ्यात, ग्रोनिंगन शहरात. कोर्टात नगरपालिकेच्या वकिलाने आकडे वाचून दाखवले. मग ओब्बेला साक्षीला उभं केलं. त्याने कोट घातला होता, तो थोरल्या भावाच्या मयतीला शिवलेला.

"तुम्ही दिवसातून किती वेळा संडासातलं पाणी सोडता?" नगरपालिकेच्या वकिलाने विचारलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ओब्बेच्या मानेपर्यंत लाली चढली. तो न्यायाधीशबाईंकडे वळला.

"बाई, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. सांगायलाच हवं का?"

"नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पुढचा प्रश्न विचारा."

पण ओब्बेने सांगितलं. टोपी हातात चुरगाळत, वाडग्यापासून मोज्यांपर्यंत सगळं सांगितलं. गेस्केने नजर जमिनीकडे वळवली. तिला वाटलं, त्या दिवशी टोपली उघडली ती माझी. आज याचीही उघडली.

ती दोघं जिंकली. कसलाही संशय नसताना सरसकट सगळ्यांच्या घरचं पाणी मोजणं चुकीचं, धमकीवजा बोलून घरात शिरणं चुकीचं, असं न्यायाधीशबाईंनी म्हटलं. भत्ता मागच्या महिन्यांसकट परत सुरू झाला. वकीलबाईने गेस्केला मिठी मारली. होमनबाई जिन्यात भेटली आणि खरोखरच्या मायेने म्हणाली, "बरं झालं तुमचं. आम्ही आमचं काम करतो, मनावर घेऊ नका." गेस्के इतकी थकली होती की ती "नाही घेत" म्हणाली.

शरद सरत आला तरी ओब्बे काही संध्याकाळचा येईना. एक दिवस ती सुपाचं भांडं घेऊन त्याच्याकडे गेली. दार लोटलेलंच होतं. आत पाण्याचा आवाज येत होता. ओब्बे खुर्चीवर बसून पेपर वाचत होता आणि मोरीतला नळ धो धो वाहत होता.

"अरे, नळ चालू राहिलाय!"

"राहू दे."

"कशाला?"

"रोज सोडतो थोडा वेळ. आकडा नीट दिसला पाहिजे."

"ओब्बे, आपण जिंकलो. कोर्टाने सांगितलंय, त्यांना बघता येत नाही आता."

"त्यांना आधी तरी कुठे बघायची मुभा होती?" त्याने पान उलटलं. "तरी बघितलंच ना?"

तिने नळ बंद केला. तो उठला, त्याने नळ पुन्हा सोडला आणि जागेवर येऊन बसला. दोघांनी सूप खाल्लं. पाण्याच्या आवाजात मोठ्याने बोलावं लागत होतं, म्हणून फारसं बोलणं झालंच नाही.

पुढच्या वसंतात ओब्बे झ्वोले शहरात पुतणीकडे राहायला गेला. घरात माणसं असली की पाणी आपोआप वाहतं, म्हणाला, आणि यात विनोद होता की नाही ते गेस्केला कळलं नाही. आता दर रविवारी ती त्याला फोन करते. हवा, गुडघे, पुतणीच्या कुत्र्याचे प्रताप, सगळं बोलून होतं. मधेच कधी तिला पुढचं काही बोलावंसं वाटतं.

"ओब्बे, कधीकधी मला वाटतं, आपण तेव्हा सरळ..."

"फोनवर नको गं," तो घाईने म्हणतो. "आलीस की बोलू."

झ्वोलेची गाडी थेट आहे, दोन तासांची. गेस्के म्हणते, या उन्हाळ्यात नक्की जाणार. गेल्या उन्हाळ्यातही ती हेच म्हणाली होती.