फीत कुणी कापायची

ब्लॅकटाउनमधल्या आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक माजी महापौर राहायचे, फिलिपिन्समधल्या एका शहराचे. मुलीने आईवडिलांना इकडे बोलावून घेतलं होतं. वाटेत कुणी फिलिपिनो भेटला की 'मेयर' अशीच हाक मारायचा. तिथे खुर्ची गेली तरी ही हाक जात नाही म्हणे. मग मीही त्यांना मेयर म्हणू लागले, आणि त्यांच्या बायकोला आँटी.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मेयर मला त्यांची कारकीर्द सांगायचे. त्यांच्याकडे लागोपाठ तीनदाच महापौर होता येतं. ते तीनदा झाले, मग आपल्या जागी बायकोला निवडून आणलं आणि स्वतः संसदेत गेले. एक टर्म संपली की पुन्हा महापौर.

"म्हणजे आमच्या गावच्या सरपंचबाईंसारखंच," मी म्हटलं. "सही बाईंची, कारभार नवऱ्याचा!"

मेयर खो खो हसले. खिडकीत व्हीलचेअरवर बसलेल्या आँटी हसल्या नाहीत.

अर्धांगवायू झाल्यापासून आँटी घरातच अडकल्या होत्या, कारण बिल्डिंगच्या दारात पायऱ्या. रविवारी चर्चला जायचं, एवढंच त्यांचं मागणं. पण रॅम्प केला तर पाहुण्यांचं पार्किंग जाणार, म्हणून फ्लॅटमालकांच्या मीटिंगने तो एकदा फेटाळला होता. माझं डोकंच फिरलं. गाडीला जागा हवी, माणसाला नको!

"मेयर, एक कडक ईमेल टाकू या."

"ईमेलला कोणी मत देत नाही," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी भरतकामाचा पांढरा शर्ट घालून, नूडल्सचे डबे घेऊन ते दारोदार निघाले. मला सोबत घेतलं. शेजारीण बरोबर असली की दार उघडतं, हा त्यांचा अनुभव. आणि नियम एकच, पहिल्या फेरीत काही मागायचं नाही. कुणाचा गुडघा कसा आहे, कुणाची मुलगी युनिव्हर्सिटीत रमली का, कुत्रा का लंगडतोय, नुसत्या चौकशा. मला धीर धरवेना.

"रॅम्पचं कधी बोलणार?"

"आधी त्यांचं ऐकू. मागायला परत येऊच."

परत आलोही. पार्किंगवरून सगळ्यात जास्त भांडलेले वरच्या मजल्यावरचे आजोबा दारातच म्हणाले, "नो वरीज, मेट." मीटिंगमध्ये पहिला हात त्यांचाच वर गेला. इतकी वर्षं हा माणूस का निवडून येत होता, ते मला तेव्हा कळलं.

रॅम्प झाला. मेयरांना उद्घाटनाशिवाय चैन कुठली! कठड्यांना लाल फीत बांधली, सगळे शेजारी जमले. लेकीने आँटींना दारापर्यंत आणलं. मेयरांनी सवयीने कात्री उचलली.

आँटींनी चांगला हात पुढे केला.

"माझ्या टर्ममध्येही सगळ्या फिती तूच कापल्यास," त्या म्हणाल्या. आम्हाला कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत.

मला माझा तो सरपंचबाईंचा विनोद आठवला. मेयरांचा चेहरा पडला होता. मग ते वाकले, कात्री उलटी करून मूठ आँटींच्या हातात दिली आणि फीत ताणून धरली. एका हाताने कापायला आँटींना वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

फीत तुटली. मेयर बाजूला झाले आणि रॅम्पकडे हात करून म्हणाले,

"चला, मेयर."

आँटींना कुणी ही हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.