सासऱ्यांसोबत पाहिलेला सुपर कप

सासऱ्यांची नजर गेल्या वर्षभरात फार कमी झाली. समोर माणूस आहे एवढं कळतं, चेहरा ओळखू येत नाही. तरी नाशिकच्या फुटबॉलचा हंगाम ज्या सामन्याने सुरू होतो, तो सुपर कप त्यांना चुकवायचा नव्हता. लीग जिंकलेला संघ विरुद्ध कप जिंकलेला संघ, आणि यंदा लीग जिंकली होती त्यांच्या जुन्या क्लबने. नवरा नोकरीसाठी पुण्यात, म्हणून पंचवटीतून रिक्षाने मीच त्यांना मैदानावर नेलं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शिवाय लग्नाला इतकी वर्षं होऊनही चहा आणि औषधं यापलीकडे आमचं फारसं बोलणं नव्हतं.

"बघ आणि बोलत राहा," ते म्हणाले.

"निळा मुलगा बॉल घेऊन पळतोय, बाबा."

"अगं, पण कुठून? मधून की कडेने?"

"कडेने. आपल्या बाजूच्या."

"हां, आता दिसला."

त्यांचा क्लब निळा. शेवटची काही मिनिटं उरली असताना लाल संघाने गोल केला आणि मी गप्पच झाले. घरात आम्हा सगळ्यांना तीच सवय लागली होती. गल्लीत कुणी गेलं, कुणी आजारी पडलं, तर त्यांच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही.

"गोल झाला ते ओरड्यावरून कळलं मला," ते शांतपणे म्हणाले. "कसा झाला ते सांग."

"कोपऱ्यातून बॉल आला. आपला गोलकीपर पुढे धावला, पण त्याच्या आधी त्यांच्या एका बुटक्या मुलाने डोक्याने मारला. एवढ्या उंच पोरांत तो कसा उडाला, देव जाणे."

"मग चांगलाच गोल आहे," म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे निळे टीशर्टवाले वळून बघायला लागले.

आम्ही हरलो. परत येताना रिक्षात मी त्यांना शेजारच्या काकांच्या ऑपरेशनचं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या घेऊन चल मला त्यांच्याकडे."

घरी पोचतो तोच नवऱ्याचा फोन आला. बाबांनी तो माझ्या हातात दिला. "मॅचचं हिला विचार."

मी त्या कोपऱ्यातल्या बॉलपासून सुरुवात केली.

"कॉर्नर म्हणतात त्याला," बाबा खुर्चीतून म्हणाले.